तपासणीच्या टेबलावर कुत्रा चावला: जबाबदारी कुणाची?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस असलेल्या एका ताईंकडे एक तगडा, मध्यम वयाचा कुत्रा नखं कापायला आला. टेबलावर घेतल्यापासून तो ताठ उभा होता आणि सारखी जीभ नाकावर फिरवत होता. दोन पायांची नखं झाली. तिसऱ्या पायाला हात लावताच तो गुरगुरला. डॉक्टर म्हणाले, "घट्ट धरा, दोनच पाय राहिलेत." ताईंनी धरलं आणि तो त्यांच्या हाताला कडकडून चावला. आता मालक म्हणतात, तुमच्या माणसांना धरताच येत नाही, आमचा कुत्रा घरी असं कधीच करत नाही. डॉक्टर म्हणतात, मालकांनी आधी सांगायला हवं होतं. कारण मागाहून कळलं की आधीच्या दवाखान्यातही तो अंगावर गेला होता. जुने सहकारी म्हणतात, या कामात चावे खायचेच असतात. ताई विचारतात: चूक माझी का? खर्च कुणाचा? आणि हाच कुत्रा परत आला तर मी त्याला धरावं का?

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. सगळ्यात मोठा वाटा दवाखान्याचा, म्हणजे त्या वेळी निर्णय ज्यांच्या हातात होता त्या डॉक्टरांचा. दुसरा वाटा मालकांचा, माहिती दडवल्याबद्दल. तुमचा असलाच तर अगदी थोडा. कुत्र्याचा काहीच नाही. मी स्वतः टेबलाशी डॉक्टर म्हणूनच उभी असते, त्यामुळे हे माझ्या व्यवसायबंधूंना रुचणार नाही याची कल्पना आहे.

असं काही घडलं की चावा बसला तेव्हा कुणाचा हात कुठे होता, पकड सैल होती का, एवढीच चौकशी होते. त्यातून फार काही हाती लागत नाही. विचारायला हवं ते दुसरंच: धोका आहे हे कुणाला माहीत होतं, किंवा दिसायला हवं होतं? आणि थांबवणं कुणाच्या हातात होतं? घाबरलेल्या कुत्र्याचा चावा क्वचितच अचानक येतो. त्याच्या आधी काही मिनिटं, कधी काही तास, तो सूचना देत असतो.

तुमच्याच वर्णनात त्या सूचना आहेत. जीभ नाकावर फिरवणं, जांभया देणं, तोंड दुसरीकडे वळवणं, कान मागे पाडणं, शेपूट पोटाखाली घेणं, एक पंजा उचलून धरणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, एरवी हावरटासारखा खाणारा खाऊकडे ढुंकूनही न बघणं. टेबलाच्या स्टीलवर ओले पंजे उमटलेले दिसले तर तीही भीतीच, कुत्र्याच्या तळपायांना घाम येतो. आणि सगळ्यांत जास्त चुकीचं वाचलं जाणारं लक्षण म्हणजे ताठ, स्तब्ध उभं राहणं. "किती शहाणा आहे, हलतसुद्धा नाही!" असं कौतुक मी असंख्य वेळा ऐकलंय. तो शहाणपणाने उभा नसतो, भीतीने थिजलेला असतो. थिजलेल्या कुत्र्याजवळ दोनच रस्ते उरलेले असतात: पळणं किंवा चावणं. टेबलावर धरून ठेवल्यावर पळण्याचा रस्ता आपणच बंद करतो.

नखांची गोष्ट आणखी वेगळी. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतो. पांढऱ्या नखात ती रक्तवाहिनी गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसतच नाही. एकदा कात्री तिला लागली की रक्त येतं आणि कळ जाते. ती कळ कुत्रा विसरत नाही. पुढच्या वेळी कात्री बाहेर निघण्याआधी, नुसता पंजा हातात घेतला तरी तो सावध होतो. शिवाय त्याच्या भीतीची सुरुवात पंजापासून झालेली नसते. गाडीतला प्रवास, बाहेर बसलेली अनोळखी कुत्री, जंतुनाशकाचा वास, घसरतं टेबल, आतून येणारं केकाटणं, हे सगळं एकावर एक चढत आलेलं असतं. म्हणूनच पहिल्या दोन पायांना काही न करणारा कुत्रा तिसऱ्याला चावतो आणि सगळे म्हणतात, आत्तापर्यंत तर ठीक होता.

तो गुरगुरला, तिथे काम थांबायला हवं होतं. गुरगुरण्याला शिक्षा करणारे, जबडा आवळणारे, "ए गप" म्हणून दटावणारे लोक एक चूक करतात. भीती तिथेच राहते आणि सूचना देण्याची सवय तेवढी मोडते. पुढच्या वेळी तो गुरगुरल्याशिवाय चावतो. जुनेजाणते सहकारी यावर म्हणतील, गुरगुरल्यावर थांबलो तर त्याला तीच सवय लागेल. लागेल, खरं आहे. पण मग त्याला गुरगुरणं पुरेसं आहे एवढंच कळेल. रेटून नेलं तर गुरगुरून भागत नाही, दातच लावावे लागतात, हे कळेल. या दोन धड्यांपैकी कुठला शिकवायचा ते ठरवणं अवघड नाही. उत्तम कामात खरं तर गुरगुरण्यापर्यंत वेळ येतच नाही. जीभ फिरू लागली तेव्हाच हात काढून घेतलेला असतो.

आणि घाई कशाची होती? नखं होती ती. श्वासनलिकेत काही अडकलंय, पोट फुगून पिळा पडलाय, रक्त थांबत नाही, अशा वेळी घाबरलेल्या कुत्र्याला हात लावण्याचा धोका पत्करावा लागतो, कारण न लावण्याचा धोका मोठा असतो. तिथेही शक्य असेल तर गुंगी देऊनच. नखं, कान साफ करणं, अंघोळ, लसीचा पुढचा डोस ही कामं उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात होऊ शकतात. निकड जितकी कमी, तितकी धोका घेण्याची मुभा कमी. "दोनच पाय राहिलेत" हे वैद्यकीय कारण नाही. बाहेर रांग लागली होती, मालक घड्याळ बघत होते, एवढाच त्याचा अर्थ. मला ती घाई समजते, पण तिची किंमत मदतनीसाच्या हाताने द्यायची नसते.

इथे दवाखान्यातल्या उतरंडीचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष तिथेच आहे. कुत्रा सगळ्यात जवळून कुणाला जाणवतो? धरणाऱ्याला. त्याच्या छातीचा ठोका, मानेचा ताठरपणा, श्वास रोखला गेला तो क्षण, हे सगळं तुमच्या हातांना कळतं. डॉक्टरांची नजर नखावर असते. तरीही थांबवण्याचा अधिकार डॉक्टरांकडे, आणि मदतनीस "घट्ट धरा" म्हटल्यावर घट्ट धरणार. दवाखान्याचा नियम उलटा हवा: खोलीतल्या कुणीही, अगदी नव्याने लागलेल्या मुलानेही, "थांबा" म्हटलं की सगळ्यांचे हात मागे. कारण नंतर विचारायचं. हा नियम नुसता भिंतीवर लावून भागत नाही. पहिल्यांदा कुणी "थांबा" म्हणेल तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला आठी न घालता थांबावं लागतं, तरच दुसऱ्यांदा कुणी म्हणतं. तुमच्या दवाखान्यात तो नियम नव्हता, म्हणून तुम्ही बोलला नाहीत. याला मी तुमची चूक म्हणणार नाही.

जास्त ताकदीने धरणं हा उपायही नव्हे. दाबलं की भीती वाढते आणि भीती वाढली की आणखी दाबावं लागतं. सोफिया यिन या अमेरिकन पशुवैद्यकांनी कमी ताण देणाऱ्या हाताळणीची पद्धत कितीतरी दवाखान्यांत रुजवली, त्यातली मुख्य गोष्ट हीच: प्राण्याला आधार वाटेल असं धरायचं, अडकलो असं वाटेल असं नाही. टेबलावर घसरू नये म्हणून रबरी चटई, शक्य असेल तर जमिनीवरच काम, एका भेटीत एकच पाय, मधे मधे खाऊ. खाऊ घ्यायचा बंद झाला की त्या दिवशीचं काम बंद.

मझलबद्दल, म्हणजे कुत्र्याने चावू नये म्हणून त्याच्या तोंडावर चढवायच्या मुसक्याबद्दल, बराच गैरसमज आहे. मालकांना तो अपमान वाटतो, डॉक्टरांना वाटतं मालक नाराज होतील. कापडी, तोंड बंद करणारा मझल काही मिनिटांपुरताच ठीक, कारण त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि धापा हाच त्याचा अंग थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग आहे. जाळीचा, टोपलीसारखा मझल वेगळा: त्यात तोंड उघडतं, पाणी पिता येतं, फटीतून खाऊ देता येतो. पण तो पहिल्यांदाच टेबलावर, धरून, नाकावर कोंबायचा नसतो. घरी काही आठवडे, आत खाऊ ठेवून, कुत्रा आपणहून नाक घालील इतकी सवय करायची असते. हे काम मालकांचं आणि ते करायला सांगणं डॉक्टरांचं.

औषधांकडेही उगाच शेवटचा उपाय म्हणून पाहिलं जातं. गॅबापेन्टिन किंवा ट्रॅझोडोनसारखी भीती कमी करणारी गोळी भेटीच्या साधारण दोन तास आधी घरीच देता येते. पुष्कळ कुत्र्यांचं तेवढ्यावर भागतं. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा आणि घरी एकदा देऊन परिणाम पाहून ठेवायचा. जुन्या सवयीचं एसप्रोमॅझिन एकट्याने देणं मी टाळते: त्याने अंग ढिलं पडतं, भीती मात्र बरीचशी तशीच राहते, आणि असा शांत दिसणारा कुत्रा एकाएकी उसळू शकतो. गोळीने भागत नसेल तर इंजेक्शनची गुंगी आहे. डेक्समेडेटोमिडीनची गुंगी अ‍ॅटिपामेझोल देऊन उतरवता येते, हृदयविकार असलेल्या कुत्र्यांत मात्र ती बहुतेक वेळा टाळावी लागते. हे सगळं उपलब्ध असताना माणसाच्या दंडाच्या जोरावर नखं कापायचं ठरवलं असेल, तर ती जबाबदारी ठरवणाऱ्याची.

आता मालक. कुत्रा आधी अंगावर गेला होता हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी सांगितलं नाही. इथे त्यांना मोकळं सोडता येत नाही. लपवण्याची कारणं मला माहीत आहेत: दवाखाना कुत्रा घ्यायचा नाही, केसपेपरवर "चावरा" असा शिक्का बसेल, लोक काय म्हणतील. कारणं समजली म्हणून दोष पुसला जात नाही. त्यांच्याकडे असलेली ती एक माहिती तुमच्याकडे असती तर तुम्ही त्याला तसं धरलंच नसतं. "घरी असं कधीच करत नाही" हे मात्र बहुधा खरं असतं. घरी त्याला कुणी अनोळखी माणसं घसरत्या टेबलावर धरत नाहीत. ते विधान कुत्र्याच्या स्वभावाबद्दल आहे, धोक्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पण डॉक्टरांनी तरी विचारलं का? "चावतो का हो?" हा प्रश्न विचारून न विचारल्यासारखा असतो, त्याचं उत्तर जवळपास नेहमी "नाही" असंच येतं. विचारायचं असं: पंजा हातात घेतला तर काय करतो? मागच्या वेळी नखं कुणी कापली, कशी गेली? कधी गुरगुरलाय, हवेत दात वाजवलेत, कुणी घाईने हात मागे घेतलाय? इतर दवाखान्यात मझल लावला होता का? अशा प्रश्नांना लोक खरी उत्तरं देतात, कारण त्यांत कुत्र्यावर आरोप नसतो. हे न विचारता "तुम्ही सांगायला हवं होतं" म्हणणं म्हणजे आपल्या वाट्याचा दोषही दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं. आणि मालकांनी काही सांगितलं नाही तरी कुत्रा स्वतः सांगत होता. तो गुरगुरला तेव्हा दडवलेली माहिती उघडच झाली होती. त्यानंतरचा निर्णय मालकांच्या मौनावर ढकलता येत नाही.

"या कामात चावे खायचेच असतात" या वाक्यात एक अर्ध सत्य आहे आणि ते फार सोयीने वापरलं जातं. धोका आहे हे ठाऊक असून तुम्ही ही नोकरी धरली, हे कबूल. कायद्यानेही काही ठिकाणी ते मान्य केलंय. कॅलिफोर्नियात १९८५ साली नेल्सन विरुद्ध हॉल या खटल्यात, उपचार चालू असताना कुत्रा चावलेल्या पशुवैद्यकीय मदतनीसाने मालकावर दावा केला. न्यायालयाने म्हटलं की हा धोका कामातच अंतर्भूत आहे आणि तो तिने पत्करलेला आहे. तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रीब विरुद्ध नेल्सन या खटल्यात हेच तत्त्व कुत्री सांभाळणाऱ्या केंद्रातल्या कामगारालाही लावलं. पण मालकाने कुत्र्याचा धोकादायक स्वभाव जाणूनबुजून लपवला असेल तर गोष्ट वेगळी, ही वाटही त्या निकालात उघडी ठेवलेली आहे. इंग्लंड आणि वेल्समधला १९७१ चा प्राणीविषयक कायदा प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही "राखणारा" धरतो, म्हणजे तिथे नजर नुसत्या मालकावर नसते. देशोदेशी नियम निराळे आहेत. तुमच्या दाव्याचं काय होईल ते तुमच्या भागातल्या वकिलालाच विचारा.

मला त्यातून काढायचा मुद्दा वेगळाच आहे. धोका पत्करला असं जे खटल्यांत म्हटलंय ते मदतनीस आणि कुत्र्याचा मालक यांच्यातल्या हिशेबाबद्दल आहे. दवाखाना चालवणारे आणि त्यांच्या नोकरीत असलेली माणसं यांचा हिशेब निराळा. उंचावर काम करणाऱ्या गवंड्याला पडण्याचा धोका ठाऊक असतो, म्हणून ठेकेदाराने पट्टा द्यायचा नाही असं होत नाही. कामाचा धोका ठाऊक असणं ही उलट दवाखान्यावरचीच जबाबदारी वाढवणारी गोष्ट आहे: ठाऊक होतं तर मझल, औषध, प्रशिक्षण, विमा, लस यांची तजवीज काय केली? म्हणून उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या दिवसांचा पगार आधी दवाखान्याने द्यावा. मग मालकांकडून काही वसूल करायचं असेल तर ते दवाखान्याने करावं. जखमी हाताने तुम्ही मालकांच्या मागे फिरायचं नाही.

हाताबद्दल दोन शब्द, कारण पत्रात जखम धुवून पट्टी बांधली एवढंच आहे. हाताचा चावा दिसतो त्यापेक्षा खोल असतो. सुळा बारीक भोक पाडून सांध्यापर्यंत किंवा स्नायूबंधापर्यंत जंतू नेतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं, अंगठी लगेच काढणं आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जाणं, हे तिन्ही हवं. पाश्चुरेला जंतूंचा संसर्ग २४ तासांतच सूज आणि ठणका दाखवू शकतो. प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तर कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू जिवावर बेततो. धनुर्वाताची लस कधी घेतली ते पाहा. रेबीज असलेल्या भागात कातडी भेदून गेलेला चावा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर गटात मोडतो: लस लगेच आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. आधी प्रतिबंधक लस पूर्ण झालेली असेल तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, फक्त वाढीव डोस. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायची ती आहेच, पण ते १० दिवस संपण्याची वाट बघत लस थांबवायची नाही. प्राण्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही प्रतिबंधक लस दवाखान्याने आधीच दिलेली असायला हवी. तुम्हाला दिली होती का? नसेल तर जबाबदारीच्या हिशेबात हेही मांडा.

घटना त्याच दिवशी लिहून ठेवा. कुत्रा कधीपासून ताठ होता, कधी गुरगुरला, कोण काय म्हणालं, मझल होता का. चाव्याची तीव्रता नोंदवायला पशुवैद्य आणि प्राणीवर्तनाचे अभ्यासक इयन डनबार यांची सहा पायऱ्यांची पट्टी कामी येते: दात अंगाला लागलेच नाहीत ती पहिली, दात लागले पण भोक पडलं नाही ती दुसरी, एका चाव्यात एक ते चार भोकं, सुळ्याच्या अर्ध्या लांबीहून उथळ, ती तिसरी, आणि तिथून पुढे वाढत जाते. "चावरा कुत्रा" असं केसपेपरवर लिहिण्यापेक्षा "नखं कापताना, तिसऱ्या पायाला, गुरगुरल्यावर काम चालू ठेवलं, तिसऱ्या पायरीचा चावा" असं लिहिलं तर पुढच्या माणसाला काहीतरी कळतं. पहिली नोंद कुत्र्याला कायमचा डाग लावते, दुसरी पुढचा चावा टाळते.

मालकांशी बोलणं डॉक्टरांनी करावं, तुम्ही नव्हे. कुत्र्याला "संपवा" वगैरे भाषा कुणी काढली तर तिथेच थांबवा. घाबरून, सूचना देऊन, कोंडीत चावलेला कुत्रा त्या शिक्षेला पात्र ठरत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, परत धरायचं का. लगेच नाही. हात बरा झाला तरी मनात धास्ती असते, आणि धास्तावलेला माणूस एक तर सैल धरतो किंवा फार आवळतो. मालकांनी घरी मझलची सवय केल्यावर, भेटीआधी गोळी देऊन, आधी नुसतं येऊन खाऊ खाऊन जाण्याच्या दोन-तीन फेऱ्या झाल्यावर, तुमची इच्छा असेल तर जरूर धरा. त्याआधी राहिलेल्या दोन पायांची नखं काढायचीच असतील तर पूर्ण गुंगीत काढायला सांगा. आणि तो गुंगीत असतानाच डॉक्टरांनी त्याची बोटं, मनगट, कोपर नीट तपासावेत, गरज वाटली तर एक्स-रे काढावा. मध्यम वयाचा जड कुत्रा नेमका पाय उचलताना गुरगुरतो, तेव्हा भीतीच्या जोडीला सांध्याचं दुखणं असण्याची शक्यता मी आधी धरते.